बाळं वाचली, बाप गेले

अकरावी-बारावीत एंट्रन्सच्या नादाने ज्यांनी इरोडोव सोडवलाय (किंवा माझ्यासारखा सोडवायला घेऊन सोडून दिलाय) त्यांच्या मनात सोव्हिएत युनियनबद्दल एक भीतीयुक्त आदर कायमचा बसलेला असतो. जी माणसं असली गणितं काढतात त्यांना काय वाट्टेल ते जमत असणार, असं आपलं माझं मत होतं. म्हणूनच गेल्या दोन-तीन वीकेंडला त्या देशातल्या मृत्यूंचे तक्ते चाळताना जे दिसलं ते पचायला जरा वेळ लागला.

'ह्यूमन मॉर्टॅलिटी डेटाबेस' नावाचा एक भन्नाट प्रकार आहे. बर्कली विद्यापीठ आणि जर्मनीत रोस्टॉकला असलेली माक्स प्लांक संस्था यांनी तो २००२ साली सगळ्यांसाठी खुला केला. नाव नोंदवायचं, देश निवडायचा, की कुठल्या वर्षी कुठल्या वयाची किती माणसं गेली याची फाईल फुकटात हातात. रशियाची फाईल १९५९ पासून सुरू होते. मी ती उतरवली आणि दोन ग्राफ काढले. एक वर्षाच्या आतल्या बाळांच्या मृत्यूंचा, आणि दुसरा कामाच्या वयातल्या पुरुषांच्या मृत्यूंचा. मला वाटलं दोन्ही हातात हात घालून खाली येतील. देश सुधारतो म्हणजे सगळेच जास्त जगायला लागतात, नाही का?

बाळांची रेघ मध्ये थोडी अडखळली, पण खाली आली. पुरुषांची रेघ १९६५ च्या आसपास वळली आणि पुढची तीस वर्षं वर चढत राहिली. मध्ये फक्त एक खड्डा. त्या खड्ड्याकडे नंतर येतो.

आधी एक आकडा, कारण तो बघून मी फाईल बंद करून चहा करायला उठलो होतो. १९९४ साली रशियन पुरुषाचं जन्माच्या वेळचं अपेक्षित आयुर्मान साडेसत्तावन वर्षांच्या आसपास होतं. त्याच सुमारास भारतीय पुरुषाचं होतं जवळपास ६०. म्हणजे ज्यांनी गागारिनला अवकाशात पाठवलं त्यांच्यापेक्षा आपण जास्त जगत होतो! आणि हे कधी? तर आपल्याकडे हजार जन्मांमागे ७४ बाळं वर्षाच्या आत जात होती आणि रशियात १९, तेव्हा. आपली सरासरी खाली ओढत होती ती पाळण्यातली मुलं. जी त्यातून वाचली ती बऱ्यापैकी म्हातारी होत होती. रशियात बाळं वाचत होती आणि त्यांचे बाप चाळिशी-पन्नाशीत जात होते. सरासरी जवळजवळ तीच, पण घरात घडणारी गोष्ट पूर्ण वेगळी. (सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम झकास दिसत असताना काही लोकांचं पान उघडतच नाही, हे ज्यांनी रात्री अडीचला अनुभवलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.)

तर आता सुरुवातीपासून. झारच्या रशियाची पहिली आणि शेवटची सर्वसाधारण जनगणना झाली १८९७ साली. त्या काळात युरोपीय रशियात हजारातली अडीचशेहून जास्त बाळं वर्षाचीसुद्धा होत नसत. पश्चिम युरोपपेक्षा हे प्रमाण खूपच वाईट. गरिबी, थंडी, डॉक्टर नाहीत ही कारणं आपल्याला लगेच सुचतात, आणि ती खोटी नाहीत. पण त्याच साम्राज्यातल्या मुसलमान तातारांची आणि ज्यूंची बाळं रशियन शेतकऱ्यांच्या बाळांपेक्षा कमी मरत होती, आणि तातार काही श्रीमंत नव्हते. मग फरक कुठे होता? तातार बायका मुलांना बराच काळ अंगावर पाजत. रशियन खेड्यात बाळ जेमतेम काही दिवसांचं असतानाच त्याच्या तोंडात 'सोस्का' देत. सोस्का म्हणजे चावून मऊ केलेला पाव फडक्यात बांधून केलेली चोखणी. उन्हाळ्यात आई कापणीला शेतावर, बाळ घरी म्हाताऱ्या आजीकडे किंवा सहा-सात वर्षांच्या बहिणीकडे, आणि तोंडात दिवसभर तेच आंबलेलं फडकं. जुलै-ऑगस्टमध्ये हगवणीने बाळं पटापट जात. लहान मूल जातंच, देवाची इच्छा, असं धरून चालायचे. आपल्याकडे पणजी-खापरपणजीच्या पिढीत 'किती मुलं' विचारलं की 'किती जगली' हे वेगळं सांगायचे, तसंच.

क्रांतीनंतर बोल्शेविकांनी हा प्रश्न मनापासून हातात घेतला हे मान्य करायलाच हवं. १९१८ पासून निकोलाय सेमाश्को आरोग्य खात्याचा प्रमुख होता. फुकट दवाखाने, लसीकरण, बाळंतिणींसाठी केंद्रं, खेडोपाडी 'फेल्डशर' (पूर्ण डॉक्टर नाही, पण प्राथमिक उपचार करू शकणारा माणूस), साथींवर नजर ठेवणारी ठाणी. मात्र याच राजवटीने १९३२-३३ चा दुष्काळही घडवला. युक्रेन, कझाकस्तान आणि इतरत्र लाखो माणसं उपाशी मेली.

आणि इथे पहिल्यांदा आकड्यांवरच वार झाला. १९३७ साली जनगणना घेतली, ती १६ कोटी २० लाखांवर थांबली. स्टालिनने त्याआधीच जाहीरपणे याहून मोठा आकडा सांगून ठेवला होता. जनगणना रद्द! ती करणाऱ्या अधिकाऱ्यांना अटक झाली आणि जनगणना विभागाचा प्रमुख ओलिंपी क्वित्किन याला गोळी घालण्यात आली. आपल्याकडे रिपोर्टमध्ये नको असलेला आकडा आला तर फार तर मीटिंग लांबते.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र खरोखर चमत्कार झाला. पेनिसिलिन आणि सल्फाची औषधं आली, लसी आल्या. १९५० साली सोव्हिएत युनियनमध्ये हजारी ८१ बाळं जात होती, १९६५ पर्यंत ती २७ वर आली. पंधरा वर्षांत एक तृतीयांश! साठच्या दशकाच्या मध्यात रशियन पुरुषाचं आयुर्मान ६५ ला टेकलं होतं, अमेरिकेपेक्षा थोडंच मागे. सगळ्यांनी गृहीत धरलं की आता असंच चालायचं.

इथेच ती रेघ वळली. का वळली याबद्दल अभ्यासकांचं म्हणणं मला पटतं ते असं. जंतूंशी लढणं हे काम वरून हुकूम सोडून करता येतं. अमुक तारखेला सगळ्या मुलांना टोचा म्हटलं की टोचतात. पण बाळं वाचली की पुढचा शत्रू हृदयविकार, रक्तदाब, तंबाखू, दारू, अपघात. यासाठी माणसाने स्वतःहून सवयी बदलाव्या लागतात, महागडी औषधं-यंत्रं लागतात, डॉक्टरला एकेका पेशंटमागे वर्षानुवर्षं लागावं लागतं. सत्तरच्या दशकापासून पश्चिमेत हृदयविकाराचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. सोव्हिएत व्यवस्था मात्र जुन्याच लढाईसाठी सज्ज होऊन बसलेली, आणि पैसा चाललेला शस्त्रांवर. त्यात व्होडका. सरकारच विकणारं, आणि सरकारी तिजोरीलाच तिची सवय लागलेली.

सत्तरच्या दशकात तर बाळांचा आकडासुद्धा उलटा फिरला. १९७१ साली हजारी २२.९, १९७४ साली २७.९. मग सरकारने काय केलं? आकडा छापणं बंद केलं. (या वाढीचा काही भाग मध्य आशियात नोंदी सुधारल्यामुळे होता असं आता मानतात. तिकडे मुळात सोव्हिएत व्याख्याच सोयीची होती. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा एक किलोच्या आतलं बाळ सात दिवसांत गेलं तर ते जन्मलंच नाही असं धरायचे.) पॅरिसमध्ये इमान्युएल तोद नावाच्या पंचवीस वर्षांच्या पोराने हे बघितलं आणि १९७६ साली पुस्तक लिहून टाकलं की ही व्यवस्था कोसळणार. जगभरचे तज्ज्ञ तेव्हा रणगाडे मोजत होते, हा बाळं मोजत होता. माझ्यापेक्षा लहान होता तेव्हा, हे जरा झोंबतं.

आता तो खड्डा. मे १९८५ मध्ये गोर्बाचेवने दारूविरुद्ध मोहीम उघडली. दुकानं दुपारी दोनच्या आत व्होडका विकेनात, द्राक्षबागा उपटल्या, लोकांनी त्याला 'मिनरल सेक्रेटरी' असं नाव ठेवलं. लोकांनी घरोघरी दारू गाळायला घेतली, इतकी की साखरेचा तुटवडा पडला. मोहीम प्रचंड बदनाम झाली आणि दोन-तीन वर्षांत गुंडाळली गेली. पण ग्राफ बघा. पुरुषांचं आयुर्मान १९८७ पर्यंत ६२ च्या खालून जवळपास ६५ वर गेलं. दोन-तीन वर्षांत तीन वर्षं! एका अत्यंत फसलेल्या, सगळ्यांनी शिव्या घातलेल्या मोहिमेने लाखो माणसं वाचवली, आणि वाचलेल्यांना ते कधी कळलंही नसेल.

मग १९९१ साली देश फुटला, जानेवारी १९९२ मध्ये किमती मोकळ्या सोडल्या, पगार कागदी झाले, आणि इतर गोष्टींच्या मानाने व्होडका स्वस्त झाली. १९९४ चा आकडा वर दिलाच आहे. त्या वर्षी रशियन बाई नवऱ्यापेक्षा सरासरी साडेतेरा वर्षं जास्त जगत होती. संशोधकांनी मॉस्कोतले मृत्यू वारांप्रमाणे लावून बघितले तर हृदयविकाराचे मृत्यू शनिवार-रविवार-सोमवारी वाढलेले. हृदयाला वार कळत नाही, बाटलीला कळतो. इझेव्स्क शहरातला अभ्यास २००७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात २५ ते ५४ वयाच्या पुरुषांच्या मृत्यूंपैकी ४३ टक्के घातक पद्धतीने दारू पिण्याशी जोडता आले. घातक म्हणजे दिवसच्या दिवस झिंगून राहणं, आणि कोलोनसारखे न प्यायचे स्पिरिट पिणं. २००५ च्या हिशोबाने रशियन पुरुषांपैकी ३७ टक्के पंचावन्नच्या आत जाणार होते. ब्रिटनमध्ये ७ टक्के. एका लग्नातल्या ग्रुप फोटोत दहा मित्र उभे आहेत असं धरा आणि हिशोब करा. मी केला, आणि मग आमच्या टीमचा फोटो बघायचं टाळलं.

सगळं खापर दारूवर फोडू नये हेही खरं. धूम्रपान होतं, उपचार न झालेला रक्तदाब होता, आणि आयुष्यभर ज्या कारखान्याभोवती जगलो तो एका सकाळी बंद, हेही होतं. पण २००३ नंतर जेव्हा दारूवर कर, परवाने, रात्रीची विक्रीबंदी, २०१० पासून व्होडकाची किमान किंमत असं एकेक आलं, तेव्हा रेघ पुन्हा खाली वळली. २०१९ साली पुरुषांचं आयुर्मान ६८ च्या थोडं वर होतं. बाळांचा दर तर हजारी पाचच्या आत. दोन्ही रेघा पन्नासेक वर्षांनी पहिल्यांदा एका दिशेने, इतकी वर्षं टिकून, चालल्या होत्या. मग कोविड आला आणि २०२१ मध्ये पुरुषांचा आकडा साडेपासष्टवर घसरला, आणि फेब्रुवारी २०२२ पासून युद्ध.

२०२५ मध्ये रशियाच्या सांख्यिकी खात्याने आपल्या मासिक अहवालातून जन्म-मृत्यूचे आकडे काढून टाकले. माझ्याकडची डेटाबेसची फाईल तर २०१४ लाच संपते. त्यापुढचे ठिपके मी इकडून तिकडून गोळा करून हाताने लावलेत, आणि शेवटचे काही रकाने तसेच रिकामे ठेवलेत.