सुरेश खोपडे : दंगलीआधी पोहोचलेला पोलिस

निवृत्त विशेष पोलिस महानिरीक्षक सुरेश खोपडे यांचे नाव घेतले की भिवंडी आठवते. १९८४च्या दंगलीत होरपळलेल्या या यंत्रमागांच्या शहरात ते १९८८ साली पोलिस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू, मुसलमान आणि त्या भागाचा साधा पोलिस शिपाई एकत्र बसत, किरकोळ तंटे तिथेच मिटवत. बाबरी मशीद पाडल्यानंतर मुंबईत ९०० माणसे मेली. शेजारची भिवंडी शांत राहिली. या अनुभवावर त्यांनी पुस्तकही लिहिले. २०१४ला बारामतीतून आम आदमी पक्षातर्फे लोकसभा लढवून ते हरले. बुलढाण्यातल्या कार्यकर्त्यांनी पाहावे ते भिवंडीच. आपल्याकडे शांतता समिती १४ एप्रिलच्या तोंडावर आठवते. खोपडेंच्या समित्या वर्षभर बसत.