पेटीचें बिऱ्हाड

पॅरिसच्या आलेक्सांद्र दबँ यानें १८४२ सालीं पेटंट घेतलेली हार्मोनियम मिशनऱ्यांबरोबर हिंदुस्थानांत आली. मांडी घालून बसणाऱ्यास पायभाता काय कामाचा? तेव्हां कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनीं तिची हातपेटी बनविली. तिच्यांतून मींड निघत नाहीं, श्रुति निसटतात, हा आक्षेप आम्हांसही मान्य आहे. अशाच आक्षेपांवरून १९४० मध्यें ऑल इंडिया रेडिओनें तिला मज्जाव केला, तो १९७१ पर्यंत सैल झाला नाहीं. पण परकी म्हणून तिला हांकलणें आम्हांस पटत नाहीं. भास्करबुवा बखल्यांची साथ गोविंदराव टेंब्यांनीं याच पेटीवर केली (आणि १९११ च्या ‘मानापमाना’च्या चालीही त्यांच्याच!). गवई मींड घेऊं लागला, कीं जाणता पेटीवाला हात आंवरतो आणि शेवटल्या सुरावर त्याला गांठतो.