कव्हर घातलेली कादंबरी

ऐंशीच्या दशकात विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या आमच्या घरी वाचनालयातून नारायण धारप आणि चंद्रकांत काकोडकर दोघेही येत. धारपांची भयकथा सर्वांदेखत वाचली जाई. काकोडकरांच्या प्रणयकादंबरीला मात्र वर्तमानपत्राचे कव्हर चढे. हा भेद घरापुरता नव्हता.

१९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातील काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. कथा निशिकांत हा कवी आणि त्याच्या आयुष्यातील तीन स्त्रियांची. उच्च न्यायालयाने २५ रुपये दंड केला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. सुटे उतारे नव्हे, कथा समग्र पाहिली गेली.

दोन्ही प्रकारांची ओढ मात्र एकच होती. दाटीवाटीच्या घरात एकांत पुस्तकातच मिळे. छातीची धडधड तेवढी स्वतःची असे. पण धारपांच्या कथेत ‘समर्थ’ येऊन अमंगळाचा बंदोबस्त करीत आणि घर पूर्ववत होई. प्रेमकथा वाचून उठलेली मुलगी मात्र स्वतःचे लग्न स्वतः ठरवण्याचा विचार करू लागे. कव्हर होते ते त्या विचाराला. आज मुले मोबाइलवर जपानी भयचित्रकथा उघड वाचतात. प्रेमकथा उघडली की पडदा अजूनही आपल्याकडे वळवून घेतात.