हौशी कोणाला म्हणायचं?

१२ जुलै १९२४, पॅरिस. ऑलिम्पिकच्या क्रॉस कंट्री शर्यतीत ३८ जण पळायला उभे राहिले, शेवटपर्यंत पोहोचले १५. भयंकर ऊन, ओबडधोबड वाट आणि वाटेत एका वीज केंद्राचा धूर. फिनलंडचा पावो नुर्मी आरामात जिंकला, बाकीचे भोवळ येऊन पडत होते. त्यानंतर ही शर्यत ऑलिम्पिकमधून बंदच झाली. ऊन आणि वीज केंद्राचा धूर ही कारणं ऐकून चंद्रपूरच्या माणसाला हसू येणारच. आमचा अख्खा मे महिना तसाच जातो.

खरं तर हा खेळ हिवाळ्याचा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या शाळांतली मुलं ससा आणि शिकारी कुत्र्यांचा खेळ खेळायची. पुढचे एक-दोघं कागदाचे कपटे टाकत पळायचे आणि मागचा घोळका तो माग काढत शेतं, कुंपणं, ओढे ओलांडायचा. आमच्याकडे धान कापून झालं की बांध्या मोकळ्या होतात आणि गावातली दौड धुऱ्यावरून, बोडीच्या पाळीवरून, जंगलाच्या कडेनं जाते. धसकट पायाला टोचतं. हातातलं घड्याळ सांगतं तो वेग इथे फारसा कामाचा नसतो, हे मी दोन हिवाळे पळून शिकलोय.

माझ्यासारखा, दिवसभर लॅपटॉपपुढे बसून रविवारी पळणारा, स्वतःला 'हौशी' म्हणवतो. पण या शब्दाचा इतिहास काही साधा नाही. १८६०च्या दशकात लंडनच्या अमॅच्युअर अ‍ॅथलेटिक क्लबनं हौशी कोण हे ठरवताना बक्षिसाच्या पैशासाठी पळणाऱ्यांना तर वगळलंच, शिवाय यंत्रकामगार, कारागीर आणि मजूर यांनाही वगळलं. पैसे घेतले की नाही हा प्रश्नच नव्हता. हातानं काम करून पोट भरणारा हौशी असूच शकत नाही, असा तो नियम. १८८० साली नवी संघटना आली तेव्हा कुठे ही अट गेली.

आता पुण्यात या. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत अध्यक्ष दोराबजी टाटांनी पाहिलं, की पळणारी बहुतेक पोरं शेतात राबणारी आहेत, अनवाणी पळताहेत, प्रशिक्षणाचं नाव नाही, तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या वेळांच्या जवळ जाताहेत. लंडनच्या त्या जुन्या नियमानं यातल्या बहुतेकांना दारातच अडवलं असतं. दोराबजींनी मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्याकडे शब्द टाकला आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिम्पिकला संघ पाठवायचं ठरलं. आयोजकांची तयारी कशी होती? १०० मीटरसाठी किती वेळ पात्र धरायची असं विचारल्यावर समितीतल्या एका सदस्यानं एक-दोन मिनिटं सांगितली म्हणतात!

त्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, ऑलिम्पिकच्या इतिहासातली सगळ्यात लांब. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत १९वे आले. पहिला आलेला हान्नेस कोलेहमाइनेन त्यांच्यापेक्षा साधारण १८ मिनिटं पुढे होता. मी तर साडेतीन तासांची स्वप्नं बघतो, तेव्हा या आकड्यापुढे गप्प बसतो.

तरी त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात मला कधी दिसलं नाही.

गडचिरोलीत आज पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारी बहुतेक पोरं पोलीस भरतीसाठी पळतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. एकेका सेकंदावर गुण, गुणांवर नोकरी आणि नोकरीवर घर. तीच पोरं गावच्या दौडीत उतरतात, कारण पहिल्या नंबरला रोख बक्षीस असतं आणि सराव फुकटात होतो. शहरातून आलेले आम्ही महागडे बूट घालून त्यांच्या मागे. जुन्या लंडनच्या हिशेबानं बक्षिसाच्या आशेनं पळणारे ते धंदेवाईक आणि मी हौशी. माझ्या मते हे उलटं आहे. हरलो तर माझं काहीच जात नाही, म्हणून मला तो शब्द परवडतो. त्यांना ना तो शब्द परवडतो, ना हरणं. मागच्या वेळी दुसरा आलेला पोरगा बक्षिसाचं पाकीट खिशात घालून लगेच सायकलवर निघाला. दुपारी त्याला मळणीवर जायचं होतं.