ऑपेरा हाउसचा पडदा

मुंबईत चर्नी रोड स्थानकाजवळचे रॉयल ऑपेरा हाउस मूळचे नाटक-संगीताचे. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाने त्याचे उद्घाटन केले, तेव्हा बांधकाम अपुरेच होते! पुढे तेथे बालगंधर्वांचे सूर घुमले. मग चित्रपटांचे युग आले आणि नाट्यगृहाचे चित्रगृह झाले. १९९३ साली तेही बंद पडले. तेवीस वर्षे त्या सोनेरी सज्ज्यांत काळोख होता. परंतु मालक असलेल्या गोंडलच्या राजघराण्याने वास्तू पाडली नाही. तिचा जीर्णोद्धार केला. २०१६ साली पडदा पुन्हा वर गेला, तो गाण्यांच्या आणि नाटकांच्या प्रयोगांसाठी. भिंती मालकाने राखल्या. प्रेक्षागृह जिवंत ठेवायचे ते मात्र प्रेक्षकाने! वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत प्रयोग असेल तर मुलांना घेऊन अवश्य जावे.