गव्हामागून घोडे

दुष्काळात मी बैलजोडी विकली. रेशनचा गहू मिळाला, पण पुढची पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट बघण्यात लांबली. म्हणून ही गोष्ट मनाला लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर उपाशी युरोपला धान्य गेलं, हे ठाऊक असतं. पण ४४ देशांनी १९४३ साली उभारलेल्या 'उन्रा' या मदतसंस्थेनं १९४५ ते १९४७ मध्ये अमेरिकेतून घोडे, खेचरं, कालवडीही जहाजांनी पाठवल्या. जवळपास ३ लाख जनावरं! पोलंड, ग्रीसमध्ये औताची जनावरं लढाईत गेलेली, नांगरणार कशानं? वाटेत वैरणपाणी करायला सुमारे ७ हजार माणसं गेली, त्यात शेतकऱ्यांची पोरं बरीच. काही जनावरं समुद्रातच दगावली. उरलेली बंदरात उतरली, त्यातले घोडे, खेचरं औताला.