आघाताविषयीच्या संशोधनात सहभागी होताना

अपघात, भूकंप, घरातील मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा जवळच्या माणसाचा अचानक मृत्यू यांमुळे मनावर खोल आघात होऊ शकतो. यालाच ट्रॉमा म्हणतात. अशा अनुभवांविषयी कधी संशोधक, तर कधी आरोग्याचे एखादे अ‍ॅप तुम्हाला प्रश्न विचारते. किती सांगायचे आणि कुठे थांबायचे, हे ठरवण्याचा हक्क तुमचा आहे.

प्रश्नांनी त्रास का होतो?

एखादा शब्द, वास किंवा आवाज यांमुळेही शरीर धोका समोर असल्यासारखे वागू लागते. छातीत धडधडते, घाम येतो, हातपाय थरथरतात किंवा सगळे सुन्न होते. घटनांचा क्रम नीट न आठवणे हेही अनेकांच्या बाबतीत घडते. तो खोटेपणा नव्हे. बोलल्यानंतरची अस्वस्थता बहुतेकांमध्ये थोड्या काळात ओसरते. काहींना हलकेही वाटते.

होकार देण्यापूर्वी काय पाहावे?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अभ्यासाला नैतिकता समितीची मान्यता लागते. तसेच पुढील गोष्टी तपासा:

• माहितीपत्रक आणि संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत आहे का?
• अभ्यासातून कधीही बाहेर पडता येईल आणि त्याने उपचारांवर परिणाम होणार नाही, असे लिहिले आहे का?
• नको असलेला प्रश्न सोडता येतो का?
• मुलाखत घेणारी व्यक्ती स्त्री असावी की पुरुष, हे तुम्हाला निवडता येते का?
• त्रास झाल्यास कोणाशी बोलायचे, हे आधीच सांगितले आहे का?

गुप्ततेलाही मर्यादा असते. उदाहरणार्थ, बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवावी लागते. त्यामुळे कोणती माहिती गुप्त राहणार नाही, हे बोलण्यापूर्वी विचारा.

अ‍ॅप वापरत असाल तर

घरात एकच फोन अनेकजण वापरत असतील, तर अ‍ॅपची सूचनाही तुम्हाला अडचणीत आणू शकते. बंद स्क्रीनवर सूचना दिसू नयेत अशी सेटिंग करा. चांगल्या अ‍ॅपमध्ये चटकन बाहेर पडण्याचे बटण असते, प्रश्न वगळता येतात आणि दिलेली माहिती पुसता येते. कारण न सांगता ठिकाण किंवा संपर्कयादी मागितली, तर परवानगी देऊ नका.

कुटुंबीयांसाठी

• रुग्णाच्या वतीने उत्तरे देऊ नका आणि "सगळं सांगून टाक" असा आग्रह धरू नका.
• मुलाखतीच्या वेळी बाहेर थांबायला सांगितले, तर राग मानू नका. घरगुती हिंसाचाराविषयीची मुलाखत एकांतातच घ्यावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.
• नंतर काय विचारले, याची चौकशी करण्यापेक्षा सोबत बसा. जेवण आणि झोप नीट होते आहे का, ते पाहा.

मदत केव्हा घ्यावी?

वाईट स्वप्ने, दचकणे, घटना पुन्हा घडत असल्यासारखे वाटणे किंवा माणसे टाळणे असा त्रास महिन्याहून अधिक काळ राहिला, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. त्रास फार असेल, तर तेवढे थांबू नका. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास विनामूल्य आहे. जीव देण्याचे विचार येत असतील, तर लगेच जवळच्या व्यक्तीला सांगा आणि रुग्णालयात जा. तातडीच्या मदतीसाठी ११२ वर फोन करा.